उत्तराची शिटी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली कीं डब्यांतील निम्मी मंडळी वडेवाल्याच्या हांकेकडे वळते, आणि एकदां ऊन वडा हातीं आला म्हणजे गाडी येथें थांबली तरी कशासाठीं, हा प्रश्न कोणास पडत नाहीं. ती थांबते ती मागें इंजिनें जोडून घेण्यासाठीं. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतच्या अवघ्या २८ किलोमीटरांत लोहमार्ग साडेपांचशें मीटरांच्या आसपास उंच चढतो. १८६३ सालीं खुल्या झालेल्या ह्या बोरघाटांतील चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. भरलेली गाडी पुढच्या एका इंजिनाच्या बळावर तो चढूं शकत नाहीं, म्हणून मागून रेटा देणारीं इंजिनें लागतात. रेल्वेच्या बोलींत त्यांस ‘बँकर’ म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेली मुंबई–सोलापूर ‘वंदे भारत’ ह्या मदतीवांचून घाट चढूं लागली, आणि तिच्या उतारूंच्या वाट्याचा वडा गेला. सुधारणा म्हटली कीं कांहींतरी सोडावें लागतेंच.

ह्या व्यवस्थेंतील खरी अडचण अशी कीं, पुढचा चालक आणि मागचा चालक ह्यांस एकमेकांचें तोंड दिसत नाहीं. मध्यें वीस-बावीस डबे, त्यांत हजारावर माणसें, आणि वाटेंत बोगदे व वळणें. पुढच्यानें निघण्याची घाई केली आणि मागचा तयार नसला तर डब्यांच्या जोडण्यांवर ताण येतो. पुढचा थांबत असतां मागचा रेटीतच राहिला, तर मधले डबे दोन्ही बाजूंनीं दाबले जाऊन रुळांवरून उचलले जाण्याचें भय. म्हणून नियम असा कीं, पुढच्यानें एक आखूड शिटी देऊन आपण तयार असल्याचें कळवावें, आणि मागच्यानें तशीच एक आखूड शिटी उलट द्यावी. आज चालक, स्टेशनमास्तर आणि गार्ड (२०२२ पासून ज्यांस ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणावयाचें) ह्या सर्वांपाशीं वॉकीटॉकी नांवाचे बिनतारी संच असतात व एकमेकांशीं शब्दांत बोलतां येतें. तरीही शिटीचा नियम पुस्तकांत आहेच.

आमच्या मतें ह्या दोन शिट्यांत दुसरी अधिक मोलाची. हुकूम कोणीही सोडील. तो पोंचला, समजला व मान्य झाला, हें सांगणारा आवाज मागून आला पाहिजे.

हें सुचण्याचें निमित्त मात्र रेल्वेचें नव्हे. मोटारींच्या शर्यतीचें आहे. रविवारीं दिवेलागणीच्या सुमारास, म्हणजे नेमक्या शुभंकरोतीच्या वेळीं, अनेक घरांतील तरुण मंडळी हल्लीं ‘फॉर्म्युला वन’च्या युरोपांतील शर्यती पाहत बसतात. वडील माणसांस त्या घोंघावण्याचा प्रथम रागच येतो. परंतु त्या आवाजांतून मधूनच दोन माणसांचें बोलणें ऐकूं येतें, आणि मग माळ ओढणारा हातही क्षणभर थांबतो.

तें बोलणें चालतें तें असें. ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेग घेणाऱ्या त्या मोटारींत चालक एकटा असतो. त्याच्या शिरस्त्राणांत बोलण्याचें यंत्र, कानांत ऐकण्याचें, आणि हातांतील चाकावर एक कळ. ती दाबली कीं त्याचा शब्द मार्गाच्या कडेस बसलेल्या त्याच्या इंजिनियराकडे जातो. इंजिनियरापुढें आंकड्यांचा पूर वाहत असतो. टायर किती तापले, ब्रेकांची काय अवस्था आहे, इंधन पुरेल कीं नाहीं, हें सारें मोटारीकडून त्याला कळत असतें. पण बसल्या जागेवरून मोटारींतील यंत्रांत फेरफार करण्यास २००३ सालापासून बंदी आहे. त्यामुळें त्याला जें करावयाचें तें चालकास सांगून, त्याच्याच हातून करवून घ्यावें लागतें. एकास आंकडे दिसतात पण रस्ता हाताला लागत नाहीं. दुसऱ्यास रस्ता अंगांत भिनतो पण मागून कोण किती वेगानें येत आहे हें कळत नाहीं. दोघांच्या मध्यें केवळ आवाज.

बिनतारी येण्यापूर्वीं हें कसें चालत असे? मार्गाच्या कडेस उभें राहून फळ्यांवर आंकडे दाखवीत. परंतु त्याहून सुंदर उदाहरण १९५५ सालचें आहे. त्या वर्षीं १ मे रोजीं इटलींत ब्रेशियापासून रोमपर्यंत जाऊन परत येण्याची सुमारें एक हजार मैलांची ‘मिले मिलिया’ शर्यत स्टर्लिंग मॉसनें जिंकली. त्याच्या शेजारीं डेनिस जेंकिन्सन नांवाचा दाढीवाला वृत्तलेखक बसला होता. मार्गांतील वळणें, चढ व धोके ह्यांची टिपणें त्यानें पंधरा फुटांहून लांब अशा कागदाच्या गुंडाळीवर उतरविलीं होतीं, अगदीं आमच्या जोशीबुवांच्या जुन्या जन्मपत्रिकेसारखीं. दोघांनीं आधीं विजेच्या यंत्रावरून बोलून पाहिलें. पण मॉस चालविण्यांत इतका गढून जाई कीं कानांत आलेला शब्द त्याच्या मनापर्यंत पोंचेना. तेव्हां त्यांनीं हाताच्या खुणा ठरविल्या. एक शब्दही न बोलतां दहा तास सात मिनिटें, ताशीं सरासरी १५७ किलोमीटरांच्या वेगानें हा जोडीचा प्रवास झाला. यंत्र कानापर्यंत आवाज नेतें, तेथून पुढें नेणें त्याच्या हातीं नाहीं, हें त्या दोघांस शर्यतीपूर्वींच कळलें होतें.

आतां हें दोघांमधलें बोलणें तिऱ्हाइतांस ऐकवूं लागल्यापासून काय झालें, तें पाहूं. २५ जुलै २००९ रोजीं हंगेरींत, शर्यतीच्या आदल्या दिवशीं, पुढच्या मोटारीची निसटलेली एक स्प्रिंग फेलिपे मासा ह्या ब्राझिली चालकाच्या डोक्यावर आदळली आणि तो मरतां मरतां वांचला. बरोबर एका वर्षानें, २५ जुलै २०१० रोजीं, जर्मनींत होकनहाइम येथें तोच मासा सर्वांच्या पुढें धांवत होता, आणि मागोमाग त्याच्याच फेरारी संघाचा फर्नांडो अलोन्सो. इतक्यांत इंजिनियर रॉब स्मेडली ह्याचा आवाज आला : फर्नांडो तुझ्याहून वेगवान आहे, हा निरोप समजला, असें कळव. वाक्यांत ‘वाट सोड’ हे शब्द नाहींत, कारण चालकांचा क्रम संघानें ठरवून देण्यास त्या काळीं मनाई होती. परंतु स्मेडलीनें तें एकेक शब्द तोडून असें उच्चारलें कीं, घरीं बसलेल्या पोरांसही अर्थ कळला. मासाचें उत्तर त्याच्या मोटारीनें दिलें. ४९ व्या फेरींत एका तीव्र वळणांतून बाहेर पडतांना ती मंदावली आणि अलोन्सो पुढें गेला. मागाहून स्मेडलीनें त्याची पाठ थोपटली, आणि क्षमाही मागितली. तीही सर्वांनीं ऐकली. संघास एक लाख डॉलरांचा दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि पुढच्या हंगामापासून ती मनाईच नियमांतून गेली.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही भाषा परकी वाटणार नाहीं. ‘धाकट्याची परीक्षा जवळ आली आहे हो, लक्षांत आलें ना?’ एवढेंच आई म्हणते, आणि थोरला माडीवरची खोली मुकाट्यानें मोकळी करून देतो. हुकूम आईचा नसतो. माजघरांत ठरलेला असतो, आणि तो सांगण्याचें काम ज्याची माया अधिक त्याच्याकडे येतें. फरक इतकाच कीं, आईचा कापरा स्वर चार भिंतींत राहतो, स्मेडलीचा साऱ्या जगांत गेला. आम्हांस त्या प्रसंगीं मासाइतकीच स्मेडलीची दया येते. २०१३ सालीं मलेशियांत रेड बुल संघानेंही दोन क्रमांकाच्या मोटारीनें पुढें व एक क्रमांकाच्या मोटारीनें मागें राहावें असा निरोप सांकेतिक शब्दांत दिला होता. एक क्रमांकाच्या सेबास्टियन व्हेटेलनें तो जुमानला नाहीं, आणि मार्क वेबरला मागें टाकून शर्यत जिंकली. तसे थोरलेही घरोघर असतात.

ऐकणारे लाखों आहेत हें ठाऊक झालें कीं बोलणाऱ्याची जीभ बदलते, हा दुसरा परिणाम. २०२१ च्या हंगामांत संघप्रमुखांचें शर्यतीच्या संचालकांशीं होणारें बोलणेंही प्रक्षेपणांत येऊं लागलें. १२ डिसेंबरला अबू धाबी येथील शेवटच्या शर्यतींत अजिंक्यपद टांगणीस लागलें असतां दोन्ही प्रतिस्पर्धी संघांचे प्रमुख संचालकांच्या कानाशीं लागले. सुरक्षा-मोटार मार्गावर आणूं नका, असें एक म्हणे; मधल्या मोटारी बाजूस कां काढीत नाहीं, असें दुसरा विचारी. निर्णय देणारा माणूस आणि कज्जेदार ह्यांच्यांतली ही घासाघीस ऐकून अनेकांस किळस आली. पुढच्या वर्षीं संचालक बदलले आणि संघप्रमुखांचें त्यांच्याशीं थेट बोलणें बंद करण्यांत आलें. आमच्या मतें तें आधींच व्हावयास हवें होतें.

मदत किती करावी, हाही वाद झाला आहे. चालकानें मोटार एकट्यानें, कोणाच्या साहाय्यावांचून चालवावी, ह्या तत्त्वाच्या आधारें २०१६ सालीं बिनतारीवरील सूचनांवर कडक निर्बंध घातले होते. इंग्लंडमधील शर्यतींत निको रोझबर्गचा गिअर अडकला; तो कसा टाळावा हें इंजिनियरानें सांगितलें म्हणून त्यास दहा सेकंदांची शिक्षा झाली व दुसरा क्रमांक जाऊन तिसरा आला. थोड्याच दिवसांत ते निर्बंध बहुतेक उठविले गेले. खालापूरच्या टोलनाक्यावरून सहकुटुंब घाटाकडे निघालेल्या मोटारीस हे निर्बंध लावले, तर शिक्षा मोजण्यास वह्या पुरणार नाहींत. मागून आत्याबाई ‘हळू, हळू’ म्हणत असतात, काका ‘आतां काढ पुढें’ म्हणतात, आणि फोनमधली बाई दोघांस न विचारतां डावीकडे राहा म्हणून बजावते. चाक ज्याच्या हातीं, त्यानें २०१२ सालीं अबू धाबी येथें किमी रायकोनेननें इंजिनियरास दिलेलें उत्तर द्यावें असें आम्हांस फार वाटतें : मला एकट्याला सोडा, मी काय करतों आहें तें मला समजतें. रायकोनेननें ती शर्यत जिंकली, म्हणून तें वाक्य खपलें. आमच्या काकांपुढें खपेलसें वाटत नाहीं.

मात्र ह्या सर्व बोलण्यांत कानांत प्राण आणून ऐकावा असा क्षण अपघातानंतरचा. मोटार कठड्यावर आदळते, आणि इंजिनियर एवढेंच विचारतो : ठीक आहेस ना? मग थांबतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीन येथें रोमें ग्रोजाँची मोटार लोखंडी कठड्यांत घुसून दुभंगली व पेटली. सुमारें २८ सेकंदांनीं तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. तो सुखरूप आहे हें कळेपर्यंत प्रक्षेपण करणाऱ्यांनीं त्या अपघाताचें दृश्य पुन्हां दाखविलें नाहीं. एरव्हीं सारें कांहीं ऐकविणाऱ्या व दाखविणाऱ्या लोकांनीं तेवढा वेळ हात आवरला, ह्याबद्दल त्यांचें श्रेय त्यांस दिलें पाहिजे.

गेल्या आषाढांत आम्ही पुण्यास जात होतों. कर्जतला पावसाची झड अशी होती कीं समोरचा फलाट दिसेना. मागें इंजिनें लागल्याचा धक्का बसला, पुढून शिटी झाली, आणि मग कांहीं वेळ छपरावरील पावसाखेरीज दुसरा आवाज नव्हता. समोरच्या बाकावरील आजोबांनीं हातांतला वडा तसाच धरून ठेवला होता. ‘मागची नाहीं वाजली अजून,’ ते म्हणाले. मग ती वाजली, आणि गाडी पळसदरीच्या दिशेनें हलली.