नाटक सगळ्यांना जमते

आमच्या वर्गात नाटक बसवायचे ठरले. एक मुलगी म्हणाली, "मला पण घ्या ना." ती बोलताना अडखळते. मी पटकन म्हटलं, "तुला काय जमणार? तू पडदा ओढ." सगळे हसले. ती गप्प बसली. तेव्हा मला काहीच वाटले नाही.

मग गुरुजींनी रत्नाकर मतकरींची माहिती सांगितली. ते मोठे लेखक होते. 'अलबत्या गलबत्या' हे त्यांचेच नाटक. त्यातली चेटकीण तुम्हांला माहीत असेलच! ते बँकेत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात मुलांची नाटकं बसवायचे. १९६२ साली त्यांनी बालनाट्याची संस्था काढली. त्यांच्या पत्नी प्रतिभाताईसुद्धा बरोबरीने राबायच्या.

पुढे २०१४ साली त्यांनी आपल्या ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. समता विचार प्रसारक संस्था सोबतीला होती. तेव्हा मतकरी ७५ वर्षांचे झाले होते. त्या वयात आमचे आजोबा ओट्यावर बसून असतात! पण मतकरी आजोबा झोपडपट्टीतल्या मुलांना नाटक शिकवत होते. मुलांनी आपल्याच वस्तीतल्या गोष्टींची नाटुकली रचली आणि कामेही स्वतःच केली. २०२० साली कोरोनात मतकरी वारले.

काहीजण म्हणतात, ज्याला येते त्यालाच काम द्यावे, नाहीतर नाटक पडते. मला हे पटत नाही. काठावर बसून कोणी पोहायला शिकले आहे का? नाटकाचे तसेच आहे. आधी उतरू द्या, मग येईल.

मी त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको, वाक्य दे." मी माझी दोन वाक्ये तिला दिली. आता ती रोज पाठ करते. पडदा मी ओढणार आहे. (हे तिला विचारूनच लिहिले आहे.)

पालकहो, तुमच्यापैकी कुणाला ढोलकी येते, कुणाला भजन येते, कुणी जत्रेच्या नाटकात काम केले असेल. आठवड्यातून एक संध्याकाळ आम्हांला द्या. पैसे लागणार नाहीत. चादरीचा पडदा होतो, पुठ्ठ्याचा मुकुट होतो. पण शिकवणारे माणूस मात्र खरेच लागते. आणि त्या माणसाने कुठल्याही मुलाला "तुला जमणार नाही" असे म्हणू नये, असे माझे मत आहे.

— इयत्ता ४ थी, हेंद्रेपाडा