मन कोणी खचवले? आणि फोनची लाज कशाला?



सरकारने एक फोन नंबर दिला आहे. १४४१६. नाव टेली मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येते. झोप उडाली, जीव घाबरा होतो, आपण कशाच्याच लायकीचे नाही असे वाटते, तर पलीकडचा माणूस ऐकून घेतो, सल्ला देतो, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून देतो. २०२४ साली त्याचे ॲपही आले.

आता गंमत बघा. ज्या दिल्लीने हा नंबर दिला, त्याच दिल्लीने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. म्हणजे आमची पऱ्हाटी फुटते, गाड्या जिनिंगला लागतात, नेमके तेच महिने! एका हाताने गळा आवळायचा आणि दुसऱ्या हाताने फोन धरून विचारायचे, "दादा, श्वास घ्यायला त्रास होतो का?"

या शहाण्यांच्या भाषेत आम्हाला 'आत्मविश्वास कमी' असतो. कसा राहील? संकरित ज्वारीला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. तो कागदावर. अडत्याच्या दारात पुकारा त्याच्या खालून सुरू होतो आणि आपण चारचौघांत मान खाली घालून 'द्या' म्हणतो. दरवर्षी असे झाले की मालाची पडलेली किंमत माणूस स्वतःचीच समजू लागतो.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवाल. आता आपल्या पदरातले बोलतो.

आपण कितीदा सभेत म्हणालो, रोग खिशाचा आहे, मनाचा नाही; डॉक्टर नको, भाव द्या. मीही म्हणालो आहे. ते अर्धेच खरे होते. भाव मिळवायला वर्षे लागतात. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाजवळ वर्षे नसतात, आजची रात्र असते. एकाच शिवारात दोघांवर सारखे कर्ज असते. एक पेरणीला उभा राहतो, दुसरा खाटेवरून उठत नाही, जेवत नाही, बैलाकडेही बघत नाही. तो आळशी नाही आणि भित्राही नाही. त्याला आजार झाला आहे आणि या आजाराला उपचार आहे. रस्त्यावर उतरायचे तर उतरूच, पण उतरायला माणूस जिवंत पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. घरोघर जाण्याचे काम मुख्यतः शिकवून तयार केलेल्या गावपातळीच्या कार्यकर्त्यांनी केले. २०१७ साली त्याचे आकडे छापून आले. उदासीच्या आजारात मदत घेणारे शंभरात ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येणारे शंभरात ५ होते, ते अडीचवर आले.

फोनला मर्यादा आहेत, हे कबूल. शिवारात रेंज नसते. घरात एकच फोन आणि तो धन्याच्या खिशात; मग बाईने बोलायचे कुठे आणि कधी? सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, पण बचत गटाचा हप्ता तिलाच फेडायचा असतो आणि त्या काळजीने तीही जागीच असते. तिचा विचार आपल्या बैठकीतही होत नाही. कोणी म्हणतो, फोन केला की गावभर 'वेडा' म्हणतील. अरे, मणक्याला दवाखाना चालतो, मग मनाला का नाही?

म्हणून या जिल्हा बैठकीत एवढे ठरवा. जो कार्यकर्ता लागोपाठ दोन बैठकांना आला नाही, त्याच्या घरी दोघांनी जावे. बाईमाणूस असेल तर आघाडीच्या बहिणींनी जावे. भाषण करू नये, 'हिंमत धर' म्हणू नये. चहा घ्यावा, ऐकावे. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारावे. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट ओझे उतरते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. आपल्याच फोनवरून १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्यावा आणि त्याचे बोलून होईपर्यंत अंगणात बसून राहावे.