सोंग हेल्मेटचं, आवाज कुणाचा?

गॅदरिंगच्या फॅन्सी ड्रेसमध्ये हेल्मेटवाला रोबो हमखास असतो. पुठ्ठा, चंदेरी रंग, सगळं झकास. पण तोंड उघडलं की आपला शिरूर नाहीतर दौंडचा गडी! मग कुणीतरी तयार व्हॉइस चेंजर मागवायला निघतो. माझं म्हणणं, तो आपणच बनवावा.

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत १९६३ साली डालेक यंत्रांना आवाज मिळाला तो रिंग मॉड्युलेटरमुळे. नाव भारी, पण आत मुख्यतः चार डायोड नि दोन ट्रान्सफॉर्मर. ३० हर्ट्झचा ऑसिलेटर जोडला की १००० हर्ट्झचा सूर ९७० आणि १०३० असा दुभंगतो. आवाज यंत्राचा वाटतो. पुढे एलएम ३८६ आयसी, छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी. दौंडहून रेल्वे, शिरूरहून एसटी पकडा; पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात.

माईक नि स्पीकर दोन्ही हेल्मेटात ठेवले तर शिट्टी ठरलेली! स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. म्हणून माईक ओठांजवळ, स्पीकर कमरेला. परीक्षेपुरता पाठ केलेला 'फीडबॅक' असा कानाने कळतो. तयार डबा आणला की हा धडा हुकला.

आणि इफेक्ट बेताचाच ठेवा. गावात येणारा बहुरूपी नुसत्या गळ्यावर सोंग उभं करतो, पण त्याचा शब्द न् शब्द समजतो. आपल्या सर्किटला तेवढं तरी जमायला हवं. काय, पटतंय ना?