आधी पत्रा, मग गादी!

इन्स्टावर 'व्हॅनलाइफ' एवढंच टाकून बघा. पांढऱ्या पडद्यांची खिडकी, बाहेर समुद्र, आत फेअरी लाइट्स, मांडीवर कॉफीचा मग... सही! ऑफिसात दुपारी अडीच वाजता, एका हाताने एक्सेल आणि दुसऱ्या हाताने डबा सांभाळताना असलं रील दिसलं, की राजीनामाच टाईप करावासा वाटतो. पण त्याच गाडीच्या खालचा सीन कुणी दाखवतं का? नाही ना? मग आज तोच बघू. खाली ग्रीस आहे, चिखल आहे, आणि आमच्या केसमध्ये तब्बल 20 वर्षांचा गंज आहे.

तर आमची हिरॉईन म्हणजे 2005 ची मारुती ओम्नी. पाच सीटर, पेट्रोल, एमएच 21, म्हणजे जालना पासिंग. 796 सीसीचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली! उन्हाळ्यात ड्रायव्हरला फुकट शेक मिळतो. 1984 मध्ये ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये कंपनीनं ती बंद केली. आपल्याकडे 'जुनी कॅम्पर व्हॅन' अशी तयार वस्तू बाजारात मिळत नाही. परदेशी लोक फोक्सवॅगन शोधतात, आपण मॅटाडोर, ट्रॅव्हलर नाहीतर ओम्नी शोधायची आणि तिचीच कॅम्पर करायची. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय, पण ते कॅराव्हॅनचा धंदा करणाऱ्यांसाठी. आपला विषय शनिवार-रविवारचा आणि बजेट पगारानंतर उरेल तेवढं.

गाडी अण्णांची. मी पुण्यात, गाडी जालन्यात, आणि 2025 मध्ये तिची 20 वर्षं पूर्ण. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन आधी 15 वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी रिन्यू, हे तुम्हाला माहीत असेलच. 2022 च्या एप्रिलपर्यंत कारची रिन्युअल फी 600 रुपये होती, मग ती 5 हजार झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती 10 हजारांवर नेली. वर ग्रीन टॅक्स वेगळा. घरात मीटिंग बसली. काका म्हणाले, ''भंगारात देऊन टाका, अण्णा. कशाला जीव अडकवायलात?'' आणि जालन्यात भंगारात देणं म्हणजे नुसता शब्दप्रयोग नसतो बरं का! इथल्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळया बनवतात. म्हणजे ज्या गाडीत बसून मी दहावीच्या परीक्षेला गेले, ती सहा महिन्यांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असती. अण्णा काही बोलले नाहीत. नुसता गाडीच्या टपावरून हात फिरवला. झालं, ठरलं.

माझ्या लिस्टमध्ये पहिली ओळ होती गादी. मग पडदे, मग लाइट्स. ती लिस्ट घेऊन मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांना सगळं गाव चाचाच म्हणतं. चाचांनी लिस्ट वाचलीच नाही. गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, कितीही घाई असो), टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ''बेटा, पैले नीचे देख. सजाने का बाद में.''

खाली पाठीवर पडून बघितलं. सरकत्या दाराच्या उंबऱ्याखालचा पत्रा आणि मागच्या चाकावरची कमान, दोन्ही पापडासारखे. चाचांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, जरा दाबलं, आणि ते सरळ आत! वरून मात्र तिथे चकाचक कलर. कारण मध्ये कधीतरी एका गॅरेजवाल्यानं भोकात लांबी भरून वर पेंट मारला होता. हा प्रकार जाम कॉमन आहे. जुनी व्हॅन घ्यायला जाल तेव्हा खिशात एक लोहचुंबक ठेवा. पत्र्याला ते चिकटतं, लांबीला नाही. दोन मिनिटांत गाडीची खरी कुंडली कळते.

आता म्हणाल, भोक तर भोक. वर मॅट टाकली की दिसतंय कुणाला? नाही. मुद्दा दिसण्याचा नाहीच. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. मारामारी नाही, अपघात नाही. एसी चालवायला जनरेटर लावला होता. पुढे कालिकतच्या एनआयटीच्या टीमनं तपासून सांगितलं, की त्या जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साईड गाडीच्या तळातल्या भोकातून आत आला. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसाला खोकलासुद्धा येत नाही, तो नुसता गाढ झोपत जातो.

ओम्नीत तर इंजिनच केबिनमध्ये, एका झाकणाखाली, आणि सायलेन्सरचा पाईप पायाखालून मागे जातो. म्हणून आमच्या घरात कायदा झालाय. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, पाच मिनिटं डोळा लागेल इतकंही नाही. गाडीत शेगडी पेटवायची नाही, स्वयंपाक बाहेर. आणि उशाशी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म. बॅटरीवर चालतो, ऑनलाइन मिळतो, एका पार्टीच्या बिलात येतो. विकत घेताना त्याला टेस्टचं बटण आहे ना, तेवढं बघा.

भोकं शोधायची माझी आवडती टेस्ट सांगते. खर्च शून्य. रात्री गाडी अंधारात लावा, आतल्या सगळ्या मॅट काढा. एकानं गाडीखाली एलईडीचा लाइट हळूहळू फिरवायचा, दुसऱ्यानं दारं लावून आत बसायचं. जिथून उजेड येतो तिथून धूरही येणार! आम्हाला सात ठिकाणी तारे दिसले. पाच गंजाचे, एक जुन्या वायरीचं मोकळं भोक आणि एक इंजिनच्या झाकणाच्या रबराजवळ. अण्णा आत बसून खडूने गोल काढत होते आणि मोजत होते. मला वाटतं त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी इतके हसले.

वेल्डिंग मी केलं नाही. डीआयवाय म्हणजे सगळं स्वतःच करायचं असं नाही, काय आपल्याला जमत नाही तेही कळायला हवं. पण आधीचं-नंतरचं सगळं काम माझं. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. पेट्रोलची टाकी चाचांनी उतरवून दूर ठेवली, कारण टाकी आणि ठिणगी एका जागी नको. ग्राइंडरने गंज खरवडत चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे यायचं. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची स्टेप. कडेला जरा गंज ठेवून वर ठिगळ मारलं, की दोन पावसाळ्यांत ठिगळाभोवती नवी भोकं पडतात. मग चाचांच्या पोरानं पत्र्याची ठिगळं वेल्ड केली, मी जोडांवर सीलर भरला, झिंक प्रायमर मारला आणि खालून काळं कोटिंग. इंजिनच्या झाकणाचं रबर नवीन. पुन्हा अंधारात टेस्ट. एकही तारा नाही!

यातच चार वीकेंड गेले. पुणे-जालना रात्रीची बस, सकाळी अंगात अण्णांचा जुना शर्ट, सोमवारी ऑफिसात नखांत काळं. आमच्या एचआरनं विचारलं, हा नेलआर्ट कुठला?

आता तुमची लाडकी गोष्ट, फर्निचर. इथे दोन शत्रू आहेत: वजन आणि आरटीओ. वजनाचं गणित सोपं आहे. आठ बाय चारचं 18 एमएमचं प्लाय साधारण 35 किलो, तेच 12 एमएमचं 23 च्या आसपास. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. ओम्नीची ताकद जेमतेम 35 हॉर्सपॉवर, त्यात यूट्यूबवर बघून कपाटं ठोकली तर घाटात उतरून ढकलावी लागेल. मी 12 एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय वापरलं, खाली अॅल्युमिनियमचे अँगल. मग गाडी सरळ वजनकाट्यावर नेली. स्टील आणि मोंढ्याच्या जालन्यात काट्यांना तोटा नाही! काटेवाल्यानं ट्रकच्या रांगेत ओम्नी बघून विचारलं, ''काय माल आणलाय, मॅडम?'' म्हटलं, बेड. आरसीवरचं जास्तीत जास्त वजन आणि काट्यावरचा आकडा शेजारी ठेवून बघा. उरलेल्या किलोंत माणसं, पाणी आणि पेट्रोल बसायला हवं.

आरटीओचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलं. म्हणून टप कापून उंच करणं, सीट उपटून फेकणं, असले फंडे आमच्याकडे नाहीत. मागचं सीट जागेवर आहे, दुमडून त्याच्या वर प्लायची पेटी बसते. पेटी दोन माणसं दहा मिनिटांत बाहेर काढतात, एकही नवीन भोक नाही. (इतक्या कष्टांनी बुजवलेली भोकं पुन्हा कोण पाडणार?) अख्खी गाडी 3,370 मिलिमीटर, तेव्हा महालाची अपेक्षा नको. मी तिरकी झोपते, पाय सरळ होतात. मित्र सहा फुटी असेल तर त्यानं गुडघे दुमडायची तयारी ठेवावी, नाहीतर तंबू आणावा.

मराठवाड्यात खरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ओम्नीचा टप म्हणजे तवा. टपाच्या अस्तराआड काळा नायट्राईल फोम चिकटवला. थर्माकोल कुणी सुचवला तर हात जोडा, तो चटकन पेटतो. पण खरा चमत्कार केला कृषी केंद्रातल्या शेडनेटनं! रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी. टपापासून फूटभर वर ताणून बांधली, मधून वारा खेळतो आणि ऊन पत्र्याला शिवतच नाही. पुण्यातल्या कॅम्पिंगच्या दुकानात याच कामाची 'ऑनिंग' बघितली होती. किंमत बघून परत ठेवली.

पाण्यासाठीही तेच दुकान. फवारणीच्या बॅटरी पंपात जी छोटी मोटर असते, ती 12 व्होल्टवर चालते आणि सुटी मिळते. नवीच घ्या, औषध मारलेली जुनी चुकूनसुद्धा नको. वीस लिटरचा कॅन, ठिबकची 16 एमएमची नळी, एक कॉक, आणि आमचा नळ तयार. मंठ्याच्या एका काकांनी तो नळ बघून ''हे तर आमचंच सामान!'' म्हणत चहा पाजला.

वीज. गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर सकाळी धक्का स्टार्ट. वेगळी बॅटरी घ्या, पण आधी कागदावर हिशेब करा. 12 व्होल्टचा पंखा दीड अँपिअर खातो, आठ तासांचे 12 अँपिअर-अवर. दिवे आणि दोन फोनचे मिळून पाच. झाले 17. साधी बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नसते, म्हणजे 40 ची पुरते. लोक शंभराची घेतात आणि मग वजनाच्या नावानं रडतात. शंभर वॅटचं सोलर पॅनल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला तीसेक अँपिअर-अवर परत देतं. ते टपावर ठोकू नका! लांब वायर लावून जमिनीवर उन्हात ठेवा, म्हणजे गाडी लिंबाखाली उभी करता येते. आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाच्या वीतभर अंतरात हवाच. तो लांब असेल, तर मधली सगळी वायर बेवारस.

टायर राहिले. त्यांच्या बाजूवर चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017 चा 23 वा आठवडा. आमच्यावर नक्षी छान शिल्लक होती, पण आकडा 1416 होता आणि कडेला केसासारख्या चिरा. चारी बदलले, 145 आर 12. समृद्धीच्या काँक्रीटवर भर दुपारी जुना टायर कसा वागेल, याचा प्रयोग स्वतःवर कशाला?

आरटीओतल्या इन्स्पेक्शनला अण्णा स्वतः गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी पास, पुढची पाच वर्षं तिची. पहिली ट्रिप मंठामार्गे लोणार. विवराच्या काठापासून जरा लांब, एका ओळखीच्यांच्या शेतात गाडी लावली. अण्णा बाहेर बाजेवर, मी आत तिरकी. रात्री दोनदा उठून अलार्मचा आकडा बघितला. शून्य आणि शून्य.

एकच काम बाकी आहे. मागच्या डाव्या काचेतून पाणी ठिबकतं, थेट उशीवर. रबरी बीडिंग बदलायचंय, पण गाडीच बंद झाल्यामुळे जालन्यात आणि छत्रपती संभाजीनगरात मिळालं नाही. एका दुकानदारानं दिलं, ते दोन इंच आखूड निघालं. पुण्यात नाना पेठेत या शनिवारी जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाकडे जुन्या ओम्नीचं धड बीडिंग पडलं असेल तर फेकू नका, आधी मला सांगा. पाऊस तोंडावर आलाय, राव!