मोकाट जनावर कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी यांपैकी एखाद्या गावाच्या बाजारात तुम्ही गेला असाल. भर रस्त्यात एखादी गाय रवंथ करत बसलेली असते. सायकलवाला तिला वळसा घालतो. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. भाजीवाली काठी उगारते. लोक म्हणतात, "मोकाट जनावर आहे." जणू काही त्या गाईला मालकच नाही! पण संध्याकाळ झाली की बऱ्याचदा तीच गाय एखाद्या दारात जाऊन उभी राहते. तेथे तिचे दूध काढले जाते आणि सकाळी तिचे दावे पुन्हा सोडले जाते. दूध काढताना ती आपली आणि रस्त्यावर असताना ती कोणाचीच नाही, हा कोणता न्याय?

माझे म्हणणे साधे आहे. ज्याला जनावराचा फायदा मिळतो, जबाबदारीही त्याचीच. दावे सोडले म्हणून जबाबदारी सुटत नाही.

आपला कायदाही हेच सांगतो. कोंडवाडा हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मोकाट जनावरे कोंडून ठेवण्याची ती जागा. हिंदीत तिला कांजी हाउस म्हणतात. इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये, यासाठी कायदा झाला. शेतात शिरून पिकाची नासाडी करणारे जनावर शेतकऱ्याने पकडावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, असे त्यात सांगितले आहे. मालकाने दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरला, की त्याला जनावर परत मिळते. मालक आलाच नाही, तर नोटीस देऊन जनावराचा जाहीर लिलाव करता येतो. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावात कोंडवाडा ठेवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला.

आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. आपला जिल्हा कापसाचा. जून-जुलैमध्ये पाऊस पडतो, शेतकरी उसनवारी करून बियाणे आणतो आणि पेरणी करतो. कपाशीची कोवळी रोपे वर येतात. अशा वेळी चार बकऱ्या किंवा दोन गाई रात्री शेतात शिरल्या, तर सकाळी तेथे काय उरेल? जनावराला आपले-परके कळत नाही. त्याला फक्त भूक कळते. ते कळायला हवे माणसाला.

मात्र पीक खाल्ले म्हणून जनावराला कुऱ्हाड मारणे हाही गुन्हाच आहे. जनावर पकडावे, त्याला इजा करू नये. प्रेमचंदांची दोन बैलांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. त्यातील हिरा आणि मोती कांजी हाउसमध्ये उपाशी राहतात. खरे तर कोंडवाड्यातील जनावराला चारापाणी देणे हे कोंडवाडा चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या जनावराला उपाशी ठेवणे किंवा कारण नसताना वाऱ्यावर सोडून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. म्हणजे जबाबदारी फक्त मालकाची नाही. जनावर ज्याच्या ताब्यात असेल, त्या प्रत्येकाची आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मोकाट जनावर पीक खाते, तसा रोगही पसरवू शकते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी नावाचा त्वचारोग पसरला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी येत, ताप येई आणि दूध आटत असे. डास, माशा आणि गोचीड या रोगाचा प्रसार करतात. म्हणूनच गुरांचे बाजार बंद करावे लागले. सरकारने मोफत लस दिली. मेलेल्या दुधाळ गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत ठरवली. आजारी जनावर वेगळे बांधणे आणि त्याची खबर देणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे. ज्याने आजारी जनावर मोकळे सोडले, त्याने शेजाऱ्याच्या गोठ्याचे दारच रोगासाठी उघडले.

कुत्र्याच्या बाबतीतही असेच आहे. कुत्रा पाळणाऱ्याने त्याला रेबीजची लस वेळेवर दिलीच पाहिजे. कुत्रा चावला तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, मिरची किंवा चुना लावत बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

काही लोक म्हणतील, "गुरुजी, तुमचे बोलणे ठीक आहे. पण गरिबाने काय करावे? चारा कोठून आणावा?" हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. पूर्वी आपल्याकडे ज्वारीचा पेरा मोठा होता, म्हणून कडबा भरपूर मिळे. सोयाबीन आले आणि ज्वारी कमी झाली. गायरानेही आक्रसली. पण यावर दावे सोडणे हा उपाय नाही. त्याने आपला खर्च वाचतो आणि दुसऱ्याचे पीक जाते. शिवाय तो दुसराही बहुधा गरीबच असतो.

मग उपाय काय? पूर्वी गावाचा ढोरकी असे. तो सकाळी सर्वांची गुरे जमवून चरायला नेई आणि संध्याकाळी परत आणी. घरोघरचे लोक त्याला मोबदला देत. ही पद्धत पुन्हा सुरू करता येईल. तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार जाळण्याऐवजी साठवता येईल. ग्रामपंचायतीने गायरान राखले पाहिजे आणि कोंडवाड्याचे दार व पाण्याचा हौद ठीक ठेवला पाहिजे. नियम मालकाने पाळावेत आणि त्यासाठी लागणारी सोय गावाने करावी. एकाशिवाय दुसरे चालणार नाही.

मित्रांनो, गाई-बैलांच्या कानात पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मालकाची नोंद सापडते. म्हणजे बिल्ला असलेले जनावर रस्त्यावर असले, तरी ते कोणाचे हे कळू शकते. तुमच्या घरी गाय, बकरी किंवा कुत्रा असेल, तर आज तीन गोष्टी विचारा: त्याला लस दिली आहे का? दिवसा ते कोठे जाते? त्याने कोणाचे नुकसान केले, तर आपण भरून देतो का? वडीलधाऱ्यांना हे विचारताना आवाज नम्र ठेवा, पण विचारा जरूर.