दळणारा आंधळा नाही

बातमी वाचून संपली की खाली ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जी चौकटींची रांग लागते, तिच्यातल्या बऱ्याचशा बातम्या नसतात. त्या बातमीच्या वेशातल्या, म्हणजे नेटिव्ह जाहिराती. त्या लिहून मी पोट भरतो, तेव्हा हे बाहेर उभं राहून दगड मारणं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी कोकम सरबत करणाऱ्या एका बाईंची मोहीम माझ्याकडे होती. चाळीस हजार रुपये, दर क्लिकमागे पैसे. चौथ्या दिवशी क्लिक एकदम वाढले. नीट पाहिलं तर बहुतेक क्लिक रात्री दोन ते चारमधले, जवळजवळ सगळे एकाच साइटवरून आलेले, आणि त्या साइटचं अहवालात नावही नाही, नुसता एक क्रमांक. पान उघडून सेकंदभरात बंद. ऑर्डर शून्य.

मी तो क्रमांक बंद केला आणि जाहिरात-नेटवर्कला लिहिलं. उत्तर आलं, ‘अवैध क्लिक आमच्या यंत्रणेनं आधीच वगळले आहेत.’ म्हणजे क्लिक विकणारा तोच, मोजणारा तोच आणि तक्रारीचा निवाडा करणाराही तोच. भाजीवाल्याच्या तराजूलासुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. इथे तराजूही विक्रेत्याचा आणि शिक्काही त्याचाच.

यावर ठरलेलं उत्तर असतं : संशय म्हणजे पुरावा नव्हे. मान्य. सेकंदात परतणारा प्रत्येक जण बॉट नसतो. कोणाचं नेट रखडतं, कोणाचा अंगठा चुकून पडतो. पण मग उलटही मान्य करा. 2016 साली उघडकीला आलेल्या ‘मेथबॉट’ प्रकरणात डॅलस आणि इतरत्र भाड्यानं घेतलेल्या 1900हून अधिक सर्व्हरवर खोटे प्रेक्षक चालवले जात होते. ते माउस हलवत, पान सरकवत, व्हिडिओ मध्येच थांबवत. जाहिरातदारांचे 70 लाखांहून अधिक डॉलर त्यांनी खाल्ले. सूत्रधाराला 2021 साली अमेरिकन न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. माणसासारखं वागणं हा माणूस असल्याचा पुरावा नव्हे, हे त्या खटल्यातच दिसलं आहे. मग पुराव्याचं ओझं सरबतवालीनं का वाहायचं? ज्यानं पैसे घेतले, त्यानं दाखवावं की माणूस आला होता.

आता माझा वाटा. त्या आठवड्याच्या अहवालात मी लिहिलं, ‘क्लिकचं प्रमाण अपेक्षेपेक्षा चांगलं.’ माझं कमिशन खर्चावर होतं. क्लिक खोटे ठरले असते तर तेही कापलं गेलं असतं. बाईंनी फोनवर विचारलं, “एवढी माणसं आली, मग एकानंही बाटली का नाही घेतली?” मी ‘बघू, अजून थोडे दिवस’ म्हणालो. त्यांना वाटलं, आपलंच सरबत महाग आहे. त्यांनी बाटलीमागे वीस रुपये उतरवले आणि तो सगळा मोसम तोट्यात विकला.

खरं काय ते मी पावसाळ्यात सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्हाला कधी कळलं होतं?”

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ असं म्हणून आम्ही सुटतो. पण इथे दळणाऱ्याला चांगलं दिसतं. बॉटच्या क्लिकचे पैसे साइटवाल्याला मिळतात, नेटवर्कला मिळतात, माझ्यासारख्यालाही मिळतात. न दिसणं सगळ्यांच्या सोयीचं आहे. पीठ जिचं जातं तिला मात्र जात्याजवळ येऊ दिलं जात नाही.

म्हणून जाहिरात देणाऱ्यांनो, पैसे भरण्याआधी लेखी मागा : प्रत्येक साइटचं नाव, प्रत्येक क्लिकची वेळ, आणि तुमच्या सर्व्हरच्या नोंदीशी जे क्लिक जुळणार नाहीत त्यांचं बिल लागणार नाही अशी अट. जो देणार नाही त्याच्याकडे जाऊ नका. आणि अहवाल लिहिणाऱ्या माझ्या भाईबंदांनो, संशय आला त्याच दिवशी तो लिहा. चौथ्या दिवशी आला तर चौथ्या दिवशीच.