पदवी घ्यायची, पण वॉर्ड सोडायचा का?

बी.एस्सी. नर्सिंग करून दोन-चार वर्षं वॉर्डात काढली की पुढं काय शिकावं, हा प्रश्न पडतोच. मीही सध्या त्याच विचारात आहे. पुण्यात कॉलेजांना तोटा नाही. माहितीपत्रकांत इमारतीचे, वसतिगृहाचे फोटो असतात. पदवीनंतर कोणतं पद, किती पगार, हे मात्र कुठं छापलेलं नसतं.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. आधी वर्षभराचा अनुभव लागतो. मग शाखा निवडायची: शल्य-वैद्यकीय, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण की सामाजिक आरोग्य. बहुतेकजणी शाखेवरच डोकं शिणवतात. मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. एम.एस्सी. झालेली बाई बहुधा शिकवायला जाते, कारण त्या पदवीला कॉलेजात जागा आहे, वॉर्डात फारशी नाही. म्हणजे मॉनिटर वाजायच्या आधी रुग्णाचा बदललेला श्वास ओळखणारी सिस्टर आपण फळ्यासमोर पाठवतो. शिकवणं कमी प्रतीचं, असं मी म्हणत नाही. आणि रात्रपाळी सुटते, हेही आहेच! पण रात्री मुलांना सांभाळणारं पाळणाघर रुग्णालयात असतं, तर किती जणींनी वॉर्ड सोडला असता?

दुसरी वाट आहे. अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं २०१६च्या सुमारास आणला. त्यातलं बहुतेक शिक्षण रुग्णाजवळच होतं. माझा कल तिकडे आहे. कामाच्या ठिकाणी विचारलं तर उत्तर मिळालं, “शिकून या, पण पद स्टाफ नर्सचंच राहील.” जबाबदारी वाढणार, पगार तोच. बायकांच्या शिकण्याचं हे असलं कौतुक आपल्याला नवं नाही.

याच शहरात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं तिथल्या बायका ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या, त्यांत विधवाही होत्या. बाईनं परक्या पुरुषाची शुश्रूषा करावी का, यावर तेव्हा वाद झाले. आजचा वाद पैशाचा आहे, आणि तो काढला की लगेच ‘सेवाभाव’ आठवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगाराची शिफारस केली. ती पदरात पाडून घ्यायला २०१७ साली केरळच्या परिचारिकांना संपावर जावं लागलं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारायला हवं: मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठं, कोणत्या पदावर आहेत? एकटीनं विचारलं तर उडवून लावतील, पण महिला संघटनेच्या पत्राला उत्तर द्यावं लागेल. तुमच्यापैकी ज्यांनी यातलं काही शिक्षण घेतलंय, त्यांनी आपलं पद, पगार आणि पाळ्या एवढं तरी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. मला येत्या प्रवेशाच्या आत ठरवायचं आहे.